खुल्या बाजाराचा अभ्यासवर्ग: शेतकऱ्यांच्या पोरांनी जावं का?

जावं. पण कोणी जावं, कशासाठी जावं आणि परत आल्यावर हाती काय राहतं, हे नीट सांगणारं कोणी मला जाण्याआधी भेटलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी येवला तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशोब बघते. बी.कॉम. झालेलं आहे, घरी कांदा आणि मका. कंपनीच्या एका संचालकांनी मला या वर्गाचं पत्रक दिलं. खुली अर्थव्यवस्था मानणारी एक विश्वस्त संस्था १८ ते ३० वयाच्या मुलामुलींसाठी धोरण-संशोधनाचा वर्ग घेते. आधी आठवडाभराचं निवासी शिबिर, मग घरी राहून तीन महिन्यांत एक शोधनिबंध, त्यासाठी एक मार्गदर्शक. फी ३,५०० रुपये, त्यात राहणं-जेवण आलं. ज्यांना परवडत नाही त्यांनी साधं पत्र लिहिलं की फी माफ होते, आणि पत्रासोबत कसलाही दाखला मागत नाहीत. संस्थेचं नाव इथे देत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत. शिवाय या धर्तीचे वर्ग इतरही संस्था घेतात, तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते कुठल्याही वर्गाला लावून बघता येईल.

या वर्गातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे त्याची सुरुवात. पहिल्या सकाळी उद्घाटन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय असलं काही नव्हतं. येताना घरच्या धंद्यातला एक कागद आणायला सांगितलं होतं. मी बाजार समितीतल्या विक्रीची हिशोब पट्टी नेली होती. अकोट भागातल्या एका मुलाने कपाशीच्या बियाण्याची पावती आणली होती. मुंबईत फुटपाथवर कपडे विकणाऱ्या एका बाईंच्या मुलाने पालिकेने माल उचलून नेल्याची पावती आणली होती. लातूरच्या मुलीकडे सोयाबीनची पट्टी होती. कागद समोर ठेवायचा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कोणता कायदा उभा आहे ते शोधायचं, एवढंच काम. जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठेना.

माझ्या पट्टीवर वजन, भाव, मग वजावटीत हमाली, तोलाई, वाराई. ही पट्टी मी रोज बघते, रोज संगणकात भरते. पण आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, का दिसत नाही, असा प्रश्न तिथल्या मॅडमनी विचारला तेव्हा सगळा गट कामाला लागला. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. त्यावरून तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. हे सगळं मूळच्या १९६३ च्या पणन कायद्यात केलेले बदल. कपाशीवाल्या मुलाला कळलं की त्याच्या पाकिटावरची कमाल किंमत कंपनी ठरवत नाही, २०१५ च्या आदेशानुसार केंद्र सरकार ठरवतं. फेरीवाल्या बाईंच्या मुलाला कळलं की २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात शहर विक्रेता समिती असते आणि तिच्यात निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असायला हवेत. तो रात्री आईला फोन करून हेच विचारत होता, आपल्या भागातली समिती कुठे बसते गं.

तरुणांना धोरणाकडे कसं वळवायचं यावर पुष्कळ चर्चा ऐकली आहे. मला या एका सकाळीत त्याचं उत्तर दिसलं. बाजार मोकळा असावा की नसावा हे आधी ठरवून घ्यायला कोणी सांगितलं नाही. आपल्या घरच्या पैशाला कुठल्या सहीने, कुठल्या कलमाने हात लागतो ते आधी बघा, मत नंतर बनवा, असा क्रम होता. ज्या मुलांनी कॉलेजात अर्थशास्त्राचं पुस्तक पाठ करून पेपर दिले होते, ती मुलं राजपत्रातली अधिसूचना मोठ्याने वाचत होती.

लासलगावच्या कांदा बाजारातला दिवस त्याच पद्धतीचा. आम्हाला सकाळी आवारात सोडलं आणि प्रत्येकाला एकेक ट्रॅक्टर किंवा पिकअप धरायला सांगितला. लिलावाच्या रांगेपासून शेतकऱ्याच्या हातात पैसे पडेपर्यंत त्या गाडीच्या मागे राहायचं आणि जे दिसेल तेवढंच लिहायचं. "शेतकऱ्याची लूट होते" असं वाक्य वहीत चालणार नाही, कोणी कधी किती कापले ते लिहा, अशी ताकीद होती. माझ्यासाठी आवार नवं नव्हतं, पण पुकारा करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून घड्याळ बघणं नवं होतं. एका गाडीचा भाव ठरायला किती कमी वेळ लागतो आणि त्यानंतर भुईकाट्यावर, व्यापाऱ्याच्या खळ्यावर, पट्टीच्या खिडकीवर किती वेळ जातो, हे लिहून काढल्याशिवाय ध्यानात येत नाही. लातूरची मुलगी माल तोलणाऱ्या एका मापाऱ्यांशी बोलत बसली. सगळं वजन भुईकाट्यावर होत असेल तर तोलाई कोणाला आणि कशाची, हा नाशिक जिल्ह्यातला जुना वाद आहे. तिने तो त्यांच्या तोंडून ऐकला आणि व्यापाऱ्याच्या मुनीमाकडूनही ऐकला. संध्याकाळी दोन्ही बाजू तिने इतक्या सरळ मांडल्या की सगळे गप्प बसून ऐकत होते.

विरुद्ध बाजूचा माणूस बोलावतात का, हे मी कुठल्याही वैचारिक शिबिराबद्दल पहिलं विचारते. इथे बोलावला होता. हमाल-माथाडी चळवळीत आयुष्य घातलेले एक कार्यकर्ते दुपारभर होते. १९६९ च्या माथाडी कायद्याआधी पाठीवर पोती वाहणाऱ्याला ना भविष्य निर्वाह निधी होता ना रजा, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग त्यांनी विचारलं, बिहारने २००६ मध्ये बाजार समितीचा कायदाच रद्द केला, तिथला शेतकरी श्रीमंत झाला का? खासगी खरेदीदाराने पैसे बुडवले तर आज तुमचा बाप बाजार समितीच्या दारात तरी जाऊन बसतो, उद्या कुठे बसेल?

ती दुपार मला अजून आठवते, कारण आयोजकांचं उत्तर तिथे लंगडं पडलं. कायदा काढला म्हणजे बाजार उभा राहतो असं नाही, गोदामं, रस्ते, भावाची माहिती, वसुलीची झटपट न्यायव्यवस्था हे सगळं लागतं, एवढं ते म्हणाले. बरोबरच आहे. पण मग आपण मागणी करताना आधी कायद्याच्या रद्दीची का करतो आणि वसुलीच्या व्यवस्थेची का नाही, यावर कोणी बोललं नाही. आमच्या कंपनीत आवाराबाहेरच्या खरेदीदाराकडे अडकलेल्या रकमेचा पाठपुरावा मीच करते. वकिलाची नोटीस, फोन, परत फोन. मोकळा बाजार मलाही हवा आहे. म्हणूनच सांगते, करार पाळायला लावणारं कोर्ट जवळ नसेल तर लहान शेतकऱ्याला तो बाजार अर्धाच मिळतो. वर्गाने यावर पूर्ण एक सत्र द्यायला हवं, आणि हे मी त्यांना लिहून दिलं आहे.

मालमत्तेच्या हक्काचं सत्र सुरुवातीला फार उंचावरून चाललं होतं. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती, नववं परिशिष्ट, त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देण्याची वाट कशी बंद झाली, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून कसा निघाला आणि घटनेच्या अनुच्छेद ३०० क मध्ये कसा गेला. वकिलीच्या विद्यार्थ्यांना रंगत होतं, बाकीचे वहीत तारखा उतरवत होते. मग एका मुलीने विचारलं, सर, सातबाऱ्यावर माझं नावच नाही, तर हा हक्क माझ्यापर्यंत येतो का? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा मिळाला, पण आमच्याकडे लग्न झालेल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र घेणं हा भाऊबंदकीतला साधा उपचार समजतात. सही केली नाही तर माहेर तुटतं. त्यावर खोलीतल्या प्रत्येक मुलीकडे सांगण्यासारखं काही ना काही होतं, आणि मुलंही बोलली. सरांनी पुढची सगळी टिपणं बाजूला ठेवली आणि चांदवडचं १९८६ चं महिला अधिवेशन, तिथे जमलेल्या बाया, पुढे बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम हे सांगितलं. चांदवड माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि शाळेत मला हे कोणी शिकवलं नव्हतं. खुल्या बाजाराची चर्चा नेहमी मालाच्या भावापाशी थांबते. जमीन कोणाच्या नावावर आहे तिथून ती सुरू झाली तर मुली आपण होऊन येतील, असं माझं ठाम मत झालं आहे.

इतिहासाचं एकच सत्र आहे आणि ते चांगलं आहे. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये मुंबईत काढलेलं, खुल्या उद्योगाचा प्रचार करणारं फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज, १९५९ चा राजाजींचा स्वतंत्र पक्ष, १९६७ च्या लोकसभेत त्याचे ४४ खासदार, आणि मग काही वर्षांत त्याचं विरून जाणं. त्यानंतर शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेतलेला माणूस, स्वतः पिकं घेऊन उत्पादन खर्च मांडणारा, १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी करणारा. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ट्रंकेत संघटनेचा लाल बिल्ला आहे. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा मी लहानपणापासून ऐकली आहे. तिच्यामागे खर्चाचा हिशोब, निर्यातबंदीचा अभ्यास आणि गावोगावची शिबिरं होती, हे इथे कागदांसकट बघायला मिळालं.

आता शोधनिबंध. इथे वर्गाची खरी परीक्षा होते, आणि इथे तो चांगल्या गुणांनी उतरतो.

माझा विषय कांद्याच्या निर्यातीवरचे आदेश आणि लासलगावचा भाव. मी पहिल्यांदा लिहून पाठवलेला प्रश्न "निर्यातबंदीमुळे शेतकऱ्याचं किती नुकसान झालं" असा होता. मार्गदर्शक मॅडमनी तो परत पाठवताना एकच ओळ लिहिली होती: आधी आदेशांची यादी कर, तारखेसह, आणि प्रत्येकाच्या पुढे कोणत्या कार्यालयाने काढला ते लिही. त्या यादीने मला महिनाभर गुंतवलं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आधी किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याहून कमी दराने माल बाहेर विकता येत नाही तो दर, टनाला ८५० डॉलर, त्याच महिन्याअखेरीस पूर्ण बंदी, मार्च २०२० मध्ये उठवली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ पासून उठली. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेरीस ८०० डॉलर किमान मूल्य. ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी, ती ३१ मार्चला संपणार म्हणून सगळे वाट बघत होते तर त्याआधीच बेमुदत वाढवली. ४ मे २०२४ ला उठवली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

ही यादी मांडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. बंदी आणि किमान मूल्य विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने येतं, शुल्क मात्र अर्थ मंत्रालयाच्या. म्हणजे मोर्चा काढायचा किंवा निवेदन द्यायचं तर दोन वेगळी दारं आहेत. आमच्याकडे सगळी निवेदनं तहसीलदारांना देतात आणि ते वर पाठवतात. दुसरी गोष्ट, बहुतेक वेळा आदेश एकटा येत नाही, २०२३-२४ सारखी शुल्क, किमान मूल्य, बंदी, पुन्हा शुल्क अशी रांग लागते. बंदीपेक्षाही या रांगेची धास्ती मोठी असते. चाळीत कांदा ठेवायचा की काढायचा हे शेतकरी भावाच्या अंदाजावर ठरवतो, आणि तो अंदाज दिल्लीतल्या पुढच्या कागदावर टांगलेला असतो. परदेशातला खरेदीदारही अशा देशाशी वर्षभराचा करार करायला कचरतो.

मग मॅडमनी मला अडवलं. डिसेंबरमध्ये भाव पडला तो बंदीने की लाल कांद्याची आवक वाढल्याने? डिसेंबरात आवक तशीही वाढते. मग बंदी नसलेल्या वर्षांचा डिसेंबर शेजारी ठेवायला लागला, दररोजची आवक वेगळी काढायला लागली, कमीत कमी आणि जास्तीत जास्त भाव सोडून सर्वसाधारण भावच का घ्यायचा याचं कारण लिहायला लागलं. निबंधाच्या शेवटी माझं म्हणणं आधीपेक्षा मवाळ झालं आणि आधीपेक्षा पक्कं झालं. बंदीच्या दुसऱ्या दिवशीची घसरण आवकेच्या खात्यावर टाकता येत नाही, एवढं मी कोणासमोरही दाखवू शकते. पूर्ण हंगामाचं नुकसान एका आकड्यात सांगा म्हणाल तर तो आकडा मी देणार नाही. हे शिकवणारे लोक मोलाचे आहेत.

माहिती अधिकाराचा भागही कामाचा होता. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो, तेव्हा प्रश्न कसा कापायचा, "का" न विचारता "कोणत्या कागदाची प्रत" असं कसं विचारायचं, पहिलं अपील कधी करायचं, याचा प्रत्यक्ष सराव घेतला. लातूरच्या मुलीचा विषय सोयाबीनच्या वायद्यांवरच्या बंदीचा होता. डिसेंबर २०२१ मध्ये शेअर आणि वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. पुढचा भाव दाखवणारी खिडकी बंद झाल्यावर पेरणीच्या वेळी शेतकरी कशाच्या आधारे ठरवतो, असा तिचा प्रश्न. तिच्या निबंधातून मला वायदेबाजार जेवढा समजला तेवढा कॉलेजच्या तीन वर्षांत समजला नव्हता.

आता तक्रारी.

वाचायला दिलेला गठ्ठा जवळजवळ सगळा इंग्रजीत होता. बोलणं मराठीत, चर्चा मराठीत, आणि वाचन इंग्रजीत. शहरातली मुलं रात्रीत वाचून येत आणि सकाळी तीच बोलत. अकोटचा मुलगा ज्याला कपाशीच्या बियाण्याचा सगळा गुंता तोंडपाठ आहे, २०१९ मध्ये अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी सरकारची मान्यता नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे लावली त्या दिवशी जो तिथे हजर होता, तो पहिले दोन दिवस मागे बसून होता. शेतकरी चळवळीतलं मराठी लिखाण इतकं आहे की त्यातून असे तीन गठ्ठे निघतील. संस्थेने ते निवडून, टिपांसह द्यावं. निबंध मराठीत लिहायची मुभा आहे, ती मी घेतली. पण छापील संग्रहात फक्त इंग्रजी निबंध पूर्ण येतात आणि मराठीचा सारांश येतो. ज्या लोकांवर धोरणाचा परिणाम होतो त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत सगळं काम जमा होत राहणं, हे मला पटत नाही.

पण माझी मोठी तक्रार राजकारणाबद्दल आहे. पत्रकावर "धोरण आणि राजकारण" असं लिहिलेलं आहे. राजकारणाला मिळाली शेवटच्या दिवशीची एक चर्चा, तीही निघायच्या घाईत. मंचावरच्यांचा सूर असा की अभ्यासकाने पक्षांपासून लांब राहावं, चांगला अहवाल लिहावा, तो योग्य माणसाच्या टेबलावर पोचतो. विश्वस्त संस्थेला एखाद्या पक्षाचं काम करता येत नाही, हे मला कळतं आणि करूही नये. पण राजकारणाची रीत शिकवणं आणि पक्षाचा प्रचार करणं यात अंतर आहे.

अहवाल टेबलावर पोचला तरी काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यातल्या माणसाशी जोडलेलं आहे. केंद्राच्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगिती दिली आणि समिती नेमली. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट त्या समितीत होते. समितीने मार्चमध्ये अहवाल दिला. नोव्हेंबरमध्ये कायदे मागे घेतले गेले तरी तो लोकांसमोर आलेला नव्हता. शेवटी मार्च २०२२ मध्ये घनवटांनीच तो जाहीर केला. त्या कायद्यांबद्दल तुमचं मत काहीही असो, एवढा अभ्यास झालेला कागद वर्षभर बंद राहतो तर नुसत्या अभ्यासाच्या भरवशावर तरुणांना कसं बसवायचं?

तिथे हे शिकवायला हवं होतं. बाजार समितीच्या संचालक मंडळावर १८ जण असतात, त्यातले ११ सोसायट्यांकडून येतात, ४ ग्रामपंचायतींकडून, २ आडते-व्यापाऱ्यांचे आणि १ हमाल-मापाऱ्यांचा. २०१७ मध्ये शेतकऱ्याला थेट मतदानाचा हक्क दिला होता, किमान दहा गुंठे जमीन आणि पाच वर्षांत निदान तीनदा त्या बाजारात माल विकलेला असला की मत. २०२० मध्ये तो हक्क काढून घेतला. म्हणजे ज्या आवारात माझे वडील आयुष्यभर माल विकत आले त्याच्या निवडणुकीत त्यांना मत हवं असेल तर आधी सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मंडळावर निवडून यावं लागतं. मोकळ्या बाजाराबद्दल बोलणाऱ्या वर्गात या विषयावर एकही निबंध नाही. ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ वर्षं पुरतात, आमच्या तुकडीतली बहुतेक मुलं त्याच्या पुढची होती. ग्रामसभेत विषय कसा लावून घ्यायचा, नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला की मुदतीत हरकत कशी नोंदवायची, आमदाराला विधानसभेत विचारायला तयार प्रश्न कसा लिहून द्यायचा, हे शिकायला आम्ही तयार होतो.

पक्ष काढायचा म्हटलं तरी एक अडथळा आहे, आणि तो मला एका सहभागी वकील मुलाकडून जेवताना कळला. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ क कलमानुसार नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. खुला बाजार मानणाऱ्यांनी सुद्धा. शरद जोशींनी राज्यसभेत असताना हे बदलायला खासगी विधेयक मांडलं होतं. एवढा मूलभूत प्रश्न मंचावर यायला हवा होता.

मी ज्या परंपरेच्या घरात वाढले तिथे अभ्यास आणि रस्ता वेगळे नव्हते. दिवसभर शिबिरात खर्चाचा हिशोब मांडणारे लोकच नंतर महामार्गावर बसले, तुरुंगात गेले, निवडणुका लढले, हरले. त्या हरण्याचाही अभ्यास व्हायला हवा: ज्या शरद जोशींच्या सभेला शेतकरी लाखांनी आले त्यांच्या पक्षाला त्यांनी मतं का दिली नाहीत? हा प्रश्न मी त्या चर्चेत विचारला. वेळ संपल्याचं कारण मिळालं. आलेल्या तरुणांना धरून ठेवायचं असेल तर हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण प्रत्येकाच्या मनात तोच असतो. आमच्या तुकडीतले काही जण आता स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला परत गेले आहेत, कारण निबंध छापून आल्यावर पुढे काय हे कोणी सांगितलं नाही.

बाकी व्यवस्थेबद्दल थोडक्यात. मुलींची राहायची सोय वेगळ्या इमारतीत, स्वच्छ, रखवालदार बाई. घरच्यांना फोन करून माहिती द्यायला त्यांची एक ताई तयार असते, आमच्या आईचं समाधान तिच्याशी बोलून झालं. संध्याकाळची सत्रं आठला संपतात आणि वेळ पाळतात. पैसे कोण देतं असं विचारलं तर देणगीदारांची यादी आणि लेखापरीक्षणाचा अहवाल दाखवला, काही लपवलं नाही. कुठल्याही वर्गाला जाल तर हा प्रश्न नक्की विचारा. मार्गदर्शक कोण मिळतो यावर मात्र पुष्कळ काही अवलंबून आहे. माझ्या मॅडम प्रत्येक मसुदा ओळ न् ओळ वाचून परत पाठवायच्या. दोन मुलांचे मार्गदर्शक महिना महिना उत्तर देत नव्हते आणि त्यांचे निबंध अर्धेच राहिले. मार्गदर्शक बदलून मागता येतो, पण हे सांगत कोणी नाही, तुम्हीच मागा.

कोणी जावं? ज्याच्या घरी शेती, दुकान, गाडा, वाहतूक असा काही धंदा आहे आणि ज्याला त्यात रोज एखादा नियम आडवा येतो, त्याने जरूर जावं. पदवी कुठली आहे याने फरक पडत नाही. आकड्यांचा कंटाळा असेल तर तीन महिने जड जातील. प्रमाणपत्रासाठी जाऊ नका, नोकरीच्या अर्जात त्याला फारसं कोणी विचारत नाही. समाजवादी किंवा डाव्या विचाराच्या घरातून येत असाल तर अवश्य जा, तिथे तुमची गरज आहे. आमच्या तुकडीत असे दोघे होते आणि सगळ्यात चांगले वाद त्यांच्यामुळे झाले.

अर्जात "तुम्हाला हा वर्ग का करायचा आहे" असा रकाना आहे. तिथे स्वातंत्र्य, विकास असले मोठे शब्द लिहू नका. तुमच्या धंद्यातला एक नियम, त्याने अडलेलं एक काम, आणि त्याबद्दल तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न लिहा. निवड त्यावरच करतात, असं मला नंतर समजलं. आमच्या भागातून जाऊ इच्छिणाऱ्या मुलींनी बसभाडं वेगळं मागून घ्यावं, ते देतात. आणि निबंधासाठी बाजार समितीचे रोजचे भाव लागणार असतील तर पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून ते आधीच उतरवून, महिन्यावार लावून न्या. तिथे जाऊन ते करत बसलात तर चर्चेचे दोन दिवस त्यातच जातील.